हक्कसोड म्हणजे काय, ते आधी सांगा

महोदय,

आजोबा गेले, सातबाऱ्याला वारसांची नावे लागली आणि महिन्याभरात आईपुढे हक्कसोडपत्र आले. ‘नुसती सही कर, माहेर तुटायला नको,’ एवढेच तिला सांगितले गेले. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे आणि नोंदणी झालेल्या हक्कसोडपत्राने तो कायमचा जातो, हे कुणीच बोलले नाही. ‘फेरफार’ म्हणजे फक्त दप्तरातली नोंद बदलणे, त्याने मालकी ठरत नाही. ‘बोजा’ म्हणजे जमिनीवर चढवलेले कर्ज. असे सोपे अर्थ, जिथे दस्त नोंदवतात त्या दुय्यम निबंधक कार्यालयाच्या भिंतीवर ठळक लिहावेत. आणि सहीआधी बाईला दस्त वाचून दाखवावा. भावाने नव्हे, तिथल्या कर्मचाऱ्याने.

– एक वाचक, बार्शी