फॅनीबाईंची सायकल

हेंगेलो, हॉलंड, रविवार

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोन रोज होतो तरी पत्र लिहितेय, कारण फोनवर आई माझं वाक्य पुरं होऊ देत नाही. मी पुन्हा ट्रॅकवर जायला लागले म्हटल्यावर तू म्हणालीस, "तिशी उलटली, पदरात दीड वर्षाचं लेकरू, आता हे पळणं कुणासाठी?" उत्तर लांबलचक होतं आणि इकडे नात ताटलीतला भात जमिनीवर पेरत होती, म्हणून गप्प बसले. ते आज देते.

मी पळते त्या स्टेडियमला फॅनी ब्लँकर्स-कून यांचं नाव आहे. (आडनाव वाचताना 'कोएन' वाटतं, इथले लोक 'कून' म्हणतात. मी वर्षभर चुकीचं म्हणत होते आणि कुणी सांगितलं नाही!) या डच धावपटू बाईंना 1948 साली लंडन ऑलिंपिकच्या आधी अगदी तुझंच वाक्य ऐकावं लागलं होतं, आई. वय 30, दोन मुलं. ब्रिटिश संघाचे व्यवस्थापक जॅक क्रम्प यांनी बाईंचं वय झालं असं छापून आणलं. खुद्द हॉलंडमधून पत्रं आली, की मुलांना टाकून कुठे पळत सुटलीस, घरी बस. बाईंनी लंडनला जाऊन चार सुवर्णपदकं आणली: 100 मीटर, 200 मीटर, 80 मीटर हर्डल्स (अडथळ्यांची शर्यत) आणि रिले.

बाबा, तुम्हाला आकडे आवडतात म्हणून एक गंमत सांगते. तेव्हा बाईला वैयक्तिक तीनच स्पर्धांत उतरता यायचं. उंच उडीचा 1.71 मीटरचा आणि लांब उडीचा 6.25 मीटरचा विश्वविक्रम फॅनीबाईंच्याच नावावर होता, पण त्या दोन्हींत त्या उतरल्याच नाहीत. लंडनमध्ये उंच उडीचं सुवर्ण 1.68 वर गेलं, लांब उडीचं तर पावणेसहा मीटरच्याही आत. आणि हे दोन्ही विक्रम 1943 चे, म्हणजे देश जर्मनांच्या ताब्यात असतानाचे. 1940 आणि 1944 ची ऑलिंपिक युद्धाने गिळली. ऐन उमेदीची वर्षं अशी गेली आणि मग लोक म्हणाले, वय झालं.

1936 ला बर्लिनमध्ये त्या 18 वर्षांच्या होत्या. उंच उडीत सहाव्या आल्या, पण खरी कमाई कसली, तर जेसी ओवेन्स या अमेरिकी धावपटूची सही मिळवली. पुढे 1972 ला म्युनिकमध्ये भेट झाली तेव्हा बाई आपली ओळख सांगायला लागल्या, तर ओवेन्स म्हणाले, तुमच्याबद्दल सगळं ठाऊक आहे मला.

लंडनमधल्या हर्डल्सची फायनल वाचताना माझ्याच पोटात गोळा आला. निघायला उशीर झाला, वाटेत एका हर्डलला धक्का लागला, आणि शेवटी मॉरीन गार्डनर ही इंग्लिश मुलगी अगदी खांद्याला खांदा. दोघींची वेळ 11.2 सेकंद. निकाल फोटोवर. तेवढ्यात बँडने इंग्लंडचं राष्ट्रगीत सुरू केलं. बाईंना वाटलं, संपलं, गार्डनर जिंकली. पण राजघराण्यातली मंडळी मैदानात आली होती, म्हणून ते वाजत होतं!

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. दोन सुवर्णं गळ्यात असताना 200 मीटरच्या आधी फॅनीबाई रडायला लागल्या. मुलांची आठवण येतेय, घरी जायचंय, बस. यान, म्हणजे त्यांचे नवरे आणि कोचही, म्हणाले, जायचं तर जा, पण नंतर हळहळशील. हाच यान एके काळी बायकांनी स्पर्धेत उतरूच नये अशा मताचा होता. बाई मनसोक्त रडल्या, मग उठल्या आणि चिखल झालेल्या ट्रॅकवर 24.4 सेकंदांत जिंकल्या. दुसरी पुरी 0.7 सेकंद मागे.

बाबा, माझा इथला पहिला डिसेंबर आठवतोय? दुपारी चारला अंधार, मी फोनवर हुंदके देत होते. तुम्ही म्हणालात, "ये, तिकिटाचे पैसे उद्या पाठवतो. पण आधी आठ दिवस थांब." पैसे खरंच पाठवलेत. त्या पैशांतून मी जाड कोट घेतला, हे आजवर सांगितलं नव्हतं. आणि दहावीच्या वर्षी माझे स्पाइक्स (पळायचे बूट) माळ्यावर टाकणारेही तुम्हीच. म्हणून यान मला फार ओळखीचा वाटतो.

कोटावरून आठवलं, फॅनीबाई लंडनमध्ये रेनकोट घ्यायला बाजारात गेल्या आणि रिलेच्या फायनलला जेमतेम वेळेवर पोचल्या. शेवटचा टप्पा त्यांचा. बॅटन हाती आलं तेव्हा संघ मागे होता, रेघ ओलांडली तेव्हा पहिला.

नेहमीच जिंकल्या असं नाही. 1952 ला हेलसिंकीत तब्येत ठीक नव्हती, हर्डल्सच्या फायनलमध्ये अडखळल्या आणि मधेच थांबल्या. हेही सांगते, नाहीतर आई म्हणेल मी वकिली करतेय.

आई, लेकराचं विचारलंस ना? फॅनीबाई मुलांना ट्रॅकवर घेऊन जायच्या. आपलीही येते. मी पळते, ती जावयांच्या कडेवरून हात हलवते, आणि कधी कधी दुसऱ्याच कुणाला तरी हलवते.

जूनमध्ये इथे बाईंच्या नावाची मोठी स्पर्धा भरते. तुमच्या व्हिसाचे कागद शुक्रवारी कुरियरने पाठवले आहेत, सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुली केली आहे. बाबांच्या गुडघ्याची काळजी नको, बसायला खुर्च्या आहेत. येताना मेतकूट आणि कुळीथ पीठ आणा. लोणचं नीट बांधा, मागच्या वेळी बाबांच्या स्वेटरला महिनाभर वास होता.

आणि हो, लंडनहून परतल्यावर फॅनीबाईंची अॅमस्टरडॅममध्ये चार पांढऱ्या घोड्यांच्या गाडीतून मिरवणूक निघाली. आणि सायकल भेट मिळाली, आता एवढं पळायला नको म्हणून! बाबा, तुमच्यासाठीही एक जुनी, कमी उंचीची बघून ठेवलीय. ब्रेक पायाने मागे पेडल मारून लागतो, तेवढं शिकावं लागेल.

तुमची,
धाकटी