सुट्टीत लेकुरवाळ्या पाहुण्यांसाठी घर सज्ज ठेवणाऱ्या काकूंना

ती. काकूंना साष्टांग नमस्कार.

पत्र तुमच्या नावाचं आहे, पण सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत. शाळेला सुट्टी लागली की लहान मुलांना घेऊन नातेवाइकांकडे निघणाऱ्यांना सल्ल्यांची कमतरता नसते. ज्यांच्या घरी ही मंडळी उतरणार, त्यांना मात्र कुणी काही सांगत नाही. प्रवास सुखाचा होणं निम्मं तरी त्या घरावर अवलंबून असतं. तुम्ही हे निम्मं काम न सांगता, किती बारकाईनं केलंत, ते इतर काका-काकूंना आणि आजी-आजोबांनाही कळावं असं वाटतं.

निघण्याआधीच तुम्ही फोनवर मुलांची वजनं विचारून घेतलीत. हे फार थोड्यांना सुचतं. मुलांच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो. पॅरासिटामॉल दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ तासांचं अंतर आणि २४ तासांत ४ पेक्षा जास्त वेळा नाही. त्यातही एकाच औषधाची सिरपं कमी-जास्त तीव्रतेची मिळतात, त्यामुळे ‘एक चमचा दे’ या सांगण्याला अर्थ नसतो. बाटलीवर किती मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम लिहिलंय ते बघावं लागतं. भरल्या घरात आणखी एक धोका असतो. ताप आलेल्या मुलाला आई औषध देते आणि अर्ध्या तासानं आजीही प्रेमानं तेच देते. तुम्ही फ्रिजवर कागद लावून त्यावर औषध, वेळ आणि देणाऱ्याचं नाव लिहायला लावलंत. एवढ्यानं दुहेरी डोस टळतो.

घरी काय काय आहे त्याची यादी तुम्ही आधीच पाठवलीत: पांघरुणं, बादली, मोजमापाचा पेला, रात्रीचा दिवा, डायपरचा मोठा पुडा. त्यामुळे बॅगा कमी झाल्या. लहान मुलांबरोबर प्रवास करताना प्रत्येक मोठ्या माणसाचा एक हात पूर्ण मोकळा असायलाच हवा, आणि तो बॅगा कमी केल्याशिवाय मोकळा होत नाही. नेहमीची चादर मात्र आणायला सांगितलीत, तीही न धुता. ओळखीच्या वासावर परक्या खोलीत मूल लवकर झोपतं. हे ज्याला ठाऊक आहे, त्याची पहिली रात्र वाचते.

सगळ्यात जास्त आभार कारसीटचे, म्हणजे गाडीत मुलाला पट्ट्यांनी बांधून बसवायच्या वेगळ्या खुर्चीचे. दूरचा प्रवास नीट होतो आणि घ्यायला आलेल्या गाडीत शेवटच्या थोड्या अंतरासाठी मूल मांडीवर बसतं, असं सर्रास घडतं. धडक झाली तर मांडीवरचं मूल कितीही ताकद लावली तरी हातात राहत नाही. तुम्ही शेजारून सीट मागून घेतलीत, आणि घेतानाच विचारलंत की ती कधी अपघातातल्या गाडीत होती का, तिची मुदत संपली आहे का (ती सीटच्या खालच्या किंवा मागच्या लेबलवर असते), सगळे पट्टे आणि माहितीपत्रक आहे का. यातल्या एकाचंही उत्तर खात्रीनं मिळत नसेल, तर ती सीट परत करावी.

बसवताना गाडीचा पट्टा सीटमधून जिथून जातो तिथे सीट धरून हलवून पाहायची. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर ती सैल आहे. अगदी लहान मुलाची सीट मागे तोंड करून बसवायची, कारण त्याचं डोकं शरीराच्या मानानं जड आणि मान कोवळी असते. जोरात ब्रेक लागला की त्या स्थितीत धक्का पाठीभर पसरतो. अशी सीट चालू एअरबॅगसमोर पुढच्या बाजूला कधीच लावायची नाही. मुलाला बांधायचे सीटचे पट्टे, मागे तोंड असताना खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खाली, पुढे तोंड असताना रेषेत किंवा किंचित वर. खांद्यावरचा पट्टा चिमटीत उभा धरता आला, तर तो अजून घट्ट व्हायचा आहे. जाड स्वेटर किंवा जॅकेट घालून पट्टा लावायचा नाही. धडकेत ते कापड दबतं आणि पट्टा ऐन वेळी सैल पडतो. थंडी असेल तर पट्टा लावून झाल्यावर वरून पांघरूण घालायचं.

गाडी लागण्याबद्दल तुम्ही सांगितलेलंही खरं निघालं. साधारण २ ते १२ वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. आतला कान ‘आपण हलतोय’ असं सांगतो, पुस्तकावर किंवा मोबाइलवर खिळलेले डोळे ‘आपण स्थिर आहोत’ असं सांगतात, आणि त्या गोंधळातून मळमळतं. म्हणून स्क्रीन बंद, नजर समोर दूरवर, खिडकीची हवा, निघण्याआधी हलकं खाणं. पोट रिकामंही नको आणि तुडुंब भरलेलंही नको. गोळी द्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, निघायच्या अर्धा ते एक तास आधी, आणि प्रवासापूर्वी एकदा घरीच देऊन पाहिलेली. या औषधांनी बहुतेक मुलं पेंगतात, पण काही उलट चेकाळतात. विमानात असाल तर उतरायला सुरुवात होताच तान्ह्याला पाजायला घ्यावं. गिळताना कानातली नळी उघडते आणि दडा सुटतो.

आता पोहोचल्यानंतरचं. दारात गर्दी नव्हती. त्या संध्याकाळी कुणालाही बोलवायचं नाही, हे तुम्ही ठरवलंत आणि नाराजी पत्करून पाळलंत. आठ-नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला परक्या चेहऱ्याची भीती वाटणं हे त्याची वाढ नीट होत असल्याचं लक्षण आहे. त्याला ओळखीचा चेहरा आणि अनोळखी चेहरा यांतला फरक कळू लागलेला असतो. अशा वेळी ‘ये की माझ्याकडे, ओळखलं नाहीस का’ म्हणत हातातून ओढून घेतलं, की ते पुढचे दोन दिवस त्या माणसाकडे जात नाही. तुम्ही जमिनीवर बसलात, मुलाच्या आईशी बोलत राहिलात, त्याच्याकडे रोखून पाहिलं नाहीत, हातात नुसता एक डबा आणि झाकण घेऊन ते उघडत-मिटत राहिलात. मूल आपणहून आलं. आजी-आजोबांना सांगावंसं वाटतं की यात त्यांचा मान कमी होत नाही. पापी घ्यायची घाई न करणाऱ्यालाच ती आधी मिळते.

घराबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे चूक झाली तर ती सुधारता येत नाही. ज्या घरात बरीच वर्षं लहान मूल नसतं, तिथे सगळं मोठ्यांच्या सोयीनं ठेवलेलं असतं. गोळ्या उशाशी, पर्समध्ये, चहाच्या टेबलावर. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या एक-दोन गोळ्याही लहान मुलाच्या जिवावर बेततात. तुम्ही सगळी औषधं कुलुपात ठेवलीत आणि पाहुण्यांच्या पर्सही दारातच उंच खुंटीला अडकवून घेतल्यात. बादल्या रिकाम्या करून पालथ्या घातल्यात. चालायला लागलेलं मूल डोकावता डोकावता तोल जाऊन बादलीत पडतं. त्याचं वरचं शरीर जड असल्यामुळे त्याला उठता येत नाही, आणि ५ सेंटिमीटर पाणीही बुडायला पुरतं. तेही आवाज न होता. बाल्कनीतल्या खुर्च्या कठड्यापासून लांब नेल्यात, टीव्हीचं कपाट भिंतीला स्क्रूनं पक्कं केलंत. आंघोळीच्या पाण्यात आधी थंड, मग गरम, आणि शेवटी कोपर बुडवून पाहायचं, ही सवय घरातल्या सगळ्यांना लावलीत.

रिमोटच्या बॅटरीच्या झाकणाला तुम्ही चिकटपट्टी लावली होतीत, ते विशेष. नाण्यासारखी चपटी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर ओल्या त्वचेतून वीज वाहते, तिच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली (भाजून काढणारं रसायन) तयार होते आणि दोन तासांत खोल भाजतं. ‘संपलेली’ बॅटरीही हे करू शकते. गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करवायची नाही. थेट एक्स-रेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं. वजनकाटा, श्रवणयंत्र, वाजणारी शुभेच्छापत्रं, सजावटीचे छोटे दिवे, या सगळ्यांत ही बॅटरी असते.

भावंडं जमली की मोठ्यांचे मणी, चुंबकं, छोटे ठोकळे धाकट्यांच्या तोंडापर्यंत पोहोचतात. तुमचा नियम सोपा होता: बारीक तुकड्यांचे खेळ टेबलावरच, खुर्चीवर बसून. शेंगदाण्यासारखे अख्खे कठीण दाणे लहानांच्या हाताला लागणार नाहीत असे, आणि द्राक्षं उभी चिरून चार फोडी करून.

पण सगळ्यात मोलाची वाटली ती राखणीची पद्धत. घरात दहा मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. तुम्ही एका वेळी एकाचंच नाव घेऊन जबाबदारी दिलीत, ‘आता पंधरा मिनिटं मुलं तुझ्याकडे’, आणि ज्याची पाळी त्याचा मोबाइल खिशात. पाळी बदलताना तोंडानं सांगायचं आणि समोरच्यानं ‘हो, घेतली’ म्हटल्याशिवाय हलायचं नाही. पाण्याजवळ तर हात लांबवला की मूल हाताला लागेल एवढंच अंतर. आमच्या मते हा एक नियम सुट्टीतल्या प्रत्येक भरल्या घरानं उचलावा.

जुलाबासाठी ओआरएसची पाकिटं होतीच, आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ते सबंध विरघळवायचं, हेही तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. अर्धं पाकीट अंदाजानं पेल्यात घातलं की क्षारांचं प्रमाण बिघडतं. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्यांना ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्यांना १०० ते २०० मिलिलिटर. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्यानं. केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्यायचं.

निघताना तुम्ही भेटवस्तू हातात न देता मागाहून पाठवल्यात. परतीच्या बॅगांचा विचार करणारे यजमान विरळाच.

पुढच्या सुट्टीत धाकटी धावत असेल, त्यामुळे जिन्याला वर आणि खाली दोन्हीकडे फाटक लागेल. वरचं भिंतीत स्क्रूनं बसवलेलंच हवं, नुसतं दाबून बसणारं नको. मोजमाप घ्यायला आणि बसवायला आम्ही एक दिवस आधी येऊ. ते काम तुम्ही करायचं नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमचा पुतण्या आणि सूनबाई