पाचला मावळणारे बेट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या डिसेंबरात मी व पत्नी पाठीवर एकेक सॅक घेऊन भुसावळहून निघालो आणि अंदमानातील स्वराज द्वीपावर, म्हणजे २०१८पर्यंतच्या हॅवलॉकवर, आठ दिवस राहिलो. घड्याळ इथलेच, पण बेट खानदेशाच्या सुमारे १७ रेखांश पूर्वेला असल्याने डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारासच मावळतो; आम्ही वाचलेल्या एकाही सहलपत्रकात हे नव्हते, त्यामुळे दुपारची झोप काढून निघालेल्यांना राधानगर किनारा अंधारातच भेटतो. (शेवभाजीची आठवण आम्हाला चौथ्याच दिवशी आली, हा भाग वेगळा.) प्रवाळ उचलण्यास तेथे मनाई असूनही आपल्याकडच्याच काही पर्यटकांच्या पिशव्यांत ते दिसले, याची लाज वाटली. आपल्या पर्यटन पुरवणीत या दोन्ही गोष्टी ठळकपणे छापाव्यात, ही विनंती.

— एक वाचक, भुसावळ