रेबीजची लस पेशींत बनते, मग टेस्ट उंदराच्या मेंदूत का? केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब,
सोलापूरहून नमस्कार.

गेल्या वर्षी अशोक चौकात माझ्या पोराला कुत्रं चावलं, पोटरीतून रक्त येत होतं, नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुतलं आणि तसंच उचलून दवाखान्यात नेलं. मग महिनाभर कॅलेंडरवर गोल करून इंजेक्शनं, शेवटचं 28 व्या दिवशी. माझ्या वडलांना लहानपणी चावलं होतं तेव्हा पोटात 14 घ्यावी लागली, अजून सांगताना त्यांचा हात पोटावर जातो. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची, त्यातून कुणाकुणाला लकवासुद्धा व्हायचा, आपल्याकडं ती 2004 च्या शेवटी बनवायची बंद झाली. पोराच्या बाटलीवर व्हेरो सेल लिहिलेलं होतं, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी.

ते वाचून मी खोदत गेलो आणि कळलं की या लसीत ताकद किती हे बघायची जुनी टेस्ट अजून उंदरांवरच चालते. वेगवेगळ्या डोसची लस द्यायची, आठवड्यानं परत द्यायची, 14 व्या दिवशी जिवंत रेबीजचा व्हायरस थेट मेंदूत टोचायचा आणि पुढं 14 दिवस कोण मरतंय बघायचं. उंदरांचेपण 28 च दिवस, साहेब. ज्यांना लस पुरली नाही ते पाय लुळे पडून जातात, एका टेस्टला शंभराच्या वर उंदीर लागतात, आणि एवढं करून त्याच बॅचची टेस्ट परत घेतली तर आकडा बराच वेगळा येऊ शकतो. त्यापेक्षा व्हायरसच्या अंगावरचं प्रोटीन लसीत किती आहे ते एलायझा नावाच्या लॅबमधल्या टेस्टनं प्लेटवर मोजता येतं, एक-दोन दिवसांत.

सेफ्टीचंही तसंच. लसीत ताप आणणारं काही राहिलंय का हे बघायला सशाच्या कानाच्या शिरेत टोचतात आणि तासन्‌तास डांबून ताप मोजत बसतात. तेच काम माणसाच्या रक्तातल्या पेशींवर होतं, युरोपच्या फार्माकोपियात, म्हणजे औषधं कशी तपासायची त्याच्या अधिकृत पुस्तकात, ही टेस्ट 2010 पासून आहे. उंदीर आणि गिनी पिगला लस टोचून काही होतंय का बघायची सरसकट टेस्ट तर जागतिक आरोग्य संघटनेनंच 2018 मध्ये सोडून द्या म्हणून सांगितलंय.

मला कमी तपासलेली लस नकोय, माझ्या लेकराच्या दंडात जाणारी गोष्ट आहे ती. म्हणून सांगतो, घाईनं काही बंद करू नका, पण प्रत्येक कंपनीला नवी टेस्ट आपल्या लसीवर सिद्ध करून दाखवावी लागते, त्याला पैसा लागतो, वेळ लागतो, छोट्या कंपन्यांना यात सरकारनं हात द्यावा. लसींच्या बॅच तपासणाऱ्या कसौलीच्या सरकारी सेंट्रल ड्रग्ज लॅबोरेटरीत त्यासाठी माणसं आणि मशिनं द्या. 2023 मध्ये नव्या औषधांच्या नियमांत बदल करून पेशींवरच्या टेस्टना तुम्ही जागा दिलीतच की, आता रोजच्या बॅच टेस्टिंगसाठीपण कुठली प्राण्यांवरची टेस्ट कुठल्या तारखेला थांबणार ते जाहीर करा, आणि तोवर दरवर्षी किती उंदीर, किती ससे लागले तो आकडा लोकांसमोर ठेवा.

तारखेची वाट बघतोय.

आपला,
एक बाप, पूर्व भाग, सोलापूर