एमएसच्या पेशंटसाठी एक गार, शांत खोली करायचीय, हातभार लावा

नमस्कार सांगलीकर मंडळी,

आमच्या गावभागातल्या मंडळाचा वर्गणीचा हिशोब बरीच वर्षं एकच कार्यकर्ता बघायचा. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कारकून, आकडेमोडीत एकदम पक्का माणूस. मग हळूहळू काय व्हायला लागलं की बेरीज चालू असताना कुणी हाक मारली की पहिल्यापासून सुरुवात, दोघं एकदम बोलायला लागले की हा नुसता बघत बसणार. दुकानात रोज "लक्ष कुठंय तुझं?" आणि खरं सांगायचं तर आम्हीपण तेच म्हणलो आणि वही त्याच्याकडनं काढून घेतली. पुढं एका डोळ्याला धूसर दिसायला लागलं, पायाला मुंग्या, मिरजेत एमआरआय झाला आणि निघालं मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. त्याला विचारूनच हे लिहितोय, नाव नको म्हणला.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण खाते. वायरीवरचं प्लॅस्टिक सोलल्यासारखं समजा, निरोप जातो पण उशिरा जातो नाहीतर मधेच अडकतो. बहुतेकदा २० ते ४० वयात सुरू होतं, बायकांमध्ये जास्त. चालायचा त्रास लोकांना दिसतो, पण निम्म्याच्या आसपास पेशंटना लक्ष लागणं, पटकन विचार करणं, आठवण ह्यातपण अडचण येते आणि ती कुणालाच दिसत नाही.

आम्हाला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही. सुरुवातीच्या टप्प्यातल्या पेशंटला लक्ष द्यायचं साधं काम दिलं आणि ते करताना एफएमआरआयवर (मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवणारा स्कॅन) मेंदू बघितला, तर कित्येकदा त्याच कामाला आपल्यापेक्षा जास्त भाग कामाला लागलेले दिसतात. म्हणजे आपण ज्याला आळशी म्हणत होतो तो तेवढ्याच बेरजेला आपल्यापेक्षा जास्त राबत होता. म्हणून दुपारपर्यंतच पार गळून जायचा. आजार वाढला की ही जादाची ताकदपण कमी पडायला लागते, त्यामुळं आधीच हात दिलेला बरा.

त्यात आपला उन्हाळा. अंगातली उष्णता थोडी जरी वाढली तरी आवरण गेलेल्या नसेतनं निरोप जायचा अडतो, श्रम झाले की एमएसच्या पेशंटची नजर तेवढ्यापुरती धूसर होते हे १८९० साली ऊटहॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरनं लिहून ठेवलंय. गार झालं की बहुतेक वेळा परत पहिल्यासारखं होतं, पण सांगलीत एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात गार व्हायचं कुठं?

तर मंडळाच्या हॉलची मागची खोली आम्ही ह्या पेशंटसाठी मोकळी केलीय. एसी पाहिजे, लाईट गेली तर इन्व्हर्टर पाहिजे, रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांना जाड काचा. लक्षाचा आणि आठवणीचा सराव घ्यायला दोन टॅब आणि शिकवणाऱ्या थेरपिस्टचं मानधन. तपासणीचापण खर्च आहे, त्यातली एक टेस्ट तर फक्त ९० सेकंदांची, नऊ खुणा आणि एक ते नऊ आकडे असतात, कुठल्या खुणेला कुठला आकडा ते भराभर सांगायचं, त्यावरनं विचाराचा वेग किती कमी झालाय ह्याचा अंदाज येतो. टेस्टसाठी पेशंटला न्यायला-आणायला गाडी लागते, कुणाची फोर व्हीलर महिन्यातनं एक दिवस मिळाली तरी लई काम होईल.

यंदा डेकोरेशनचा खर्च निम्मा करून ते पैसे इकडं वळवायचं मीटिंगमध्ये ठरलंय, तरी पुरत नाहीत. शंभर द्या, हजार द्या, जुना चालू कंडिशनमधला टॅब द्या. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एमएसचं नाव आहे पण कित्येक घरांना हे माहीतच नाही, त्यामुळं सर्टिफिकेट आणि युडीआयडी कार्डाचे (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) फॉर्म भरून देणारी पोरंपोरीपण पाहिजेत. तुमच्या ओळखीत कुणी पेशंट असेल तर त्यांना नक्की सांगा, खोलीला एक पैसा लागणार नाही.

मंडळाच्या हॉलवर रोज संध्याकाळी सात ते नऊ या. पावतीपुस्तक परत त्याच्याकडंच दिलंय. लिहायला जरा वेळ लागेल, तो लिहीत असताना मधे बोलू नका, आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नका.