कोब्रा बांधताय? मग लहान इंजिनच बसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला रेप्लिका स्पोर्ट्स कारवरचा लेख वाचला, आपल्या पेपरात असा विषय येतो याचंच खूप बरं वाटलं. पण शेवटी जे लिहिलंय की शेल्बी कोब्राची, म्हणजे साठच्या दशकातल्या त्या उघड्या स्पोर्ट्स कारची, रेप्लिका करायची तर ४२७ क्युबिक इंचाचं मोठं इंजिनच पाहिजे, नाहीतर ती नुसती दिखाऊ गाडी, ते मला अजिबात पटलं नाही. मी कॅलिफोर्नियात राहतो, सुट्टीच्या दिवशी या गाड्या बांधणाऱ्यांच्या गॅरेजमध्ये हात काळे करत असतो, आणि हल्ली आपली मराठी पोरंही नोकरीत जरा स्थिरावली की कोब्राचं किट मागवायला लागलीत. जो तो आधी हेच विचारतो, मोठं घेऊ का लहान. असे लेख वाचून ती मोठ्याकडे वळतात, म्हणून हे पत्र.

मूळ गाडी इंग्लंडची, एसी एस नावाची, हलकी, दोन लिटरच्या इंजिनाची. कॅरोल शेल्बी या अमेरिकन माणसाने १९६२ मध्ये तिच्यात फोर्डचं २६० क्युबिक इंचाचं व्ही-८ बसवलं, मग २८९ चं, म्हणजे ४.७ लिटर. ४२७ म्हणजे सात लिटर, ते आलं १९६५ ला, आणि ते काही जुन्याच गाडीत उतरवून भागलं नाही, चासीच्या मुख्य नळ्या तीन इंचाच्या चार इंची कराव्या लागल्या, आडवे पाटे काढून कॉइल स्प्रिंग घालाव्या लागल्या. आता नाव कोणी कमावलं ते बघा. १९६४ ला फ्रान्सच्या ल मान्स शर्यतीत जीटी गटात पहिली आलेली डेटोना कूपे, म्हणजे कोब्राचीच छत असलेली रेसची गाडी, २८९ वर होती, आणि १९६५ ला फेरारीला मागे टाकून जीटी चँपियनशिप जिंकली तीही २८९ वरच. ४२७ ला त्या वर्षी जीटीमध्ये उतरताच आलं नाही, कारण नियमाप्रमाणे १०० गाड्या वेळेत तयार झाल्या नव्हत्या. वर आणखी एक, रस्त्यासाठी विकलेल्या बऱ्याच ४२७ कोब्रांमध्ये प्रत्यक्षात ४२८ चं इंजिन होतं, कारण ते स्वस्त पडायचं. मग लहान इंजिनवाल्याला नकली म्हणायचं कशाच्या जोरावर?

इतिहास बाजूला ठेवला तरी गाडी चालवताना काय होतं ते बघा. लोखंडी ४२७ हे ३०२ पेक्षा, म्हणजे २८९ च्याच घराण्यातल्या लहान इंजिनापेक्षा, ८० किलोंच्या आसपास जड, म्हणजे पुढच्या चाकांवर एक जादा माणूस कायमचा बसलेला. इथे डोंगरात स्कायलाइन बुलेव्हार्डवर किंवा हायवे ९ वर सगळी वळणंच वळणं, तिथे जड नाकाची गाडी आत वळायला नको म्हणते आणि बाहेर पडताना पाय जरा जास्त दाबला गेला की मागची बाजू सुटते. व्हीलबेस फक्त ९० इंच, त्यामुळे गाडी फिरायला लागली की सावरायला वेळच मिळत नाही. बहुतेक रेप्लिकांमध्ये एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही, एअरबॅग नाही. साधं ३०२, चांगले हेड आणि कॅम घालून, ३०० हॉर्सपॉवर आरामात देतं आणि गाडीचं वजन हजार-अकराशे किलो. आपल्या घरच्या स्विफ्टमध्ये ८०-९० हॉर्सपॉवर असते, त्यावरून अंदाज करा की ३०० म्हणजे काय आणि ज्याने उभ्या आयुष्यात कधी रिअर व्हील ड्राइव्हची जोरदार गाडी हाताळली नाही त्याला मोठ्या इंजिनाचे ५०० देऊन आपण काय करतोय. मला याची खरंच काळजी वाटते.

आणि मेंटेनन्सचं कोणी बोलतच नाही! ४२७ हे फोर्डच्या एफई घराण्यातलं इंजिन, त्याचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारा वरचा भाग, व्हॉल्व्ह कव्हरच्या खालपर्यंत जातो आणि व्हॉल्व्ह हलवणारे पुशरॉड त्यातूनच वर येतात. म्हणजे इनटेकचं गॅस्केट गळायला लागलं तर आधी कव्हर काढा, रॉकर शाफ्ट काढा, सोळाच्या सोळा पुशरॉड क्रमाने काढून ठेवा, मग तो मॅनिफोल्ड उचला, आणि तो लोखंडी असेल तर एकट्याने उचलायच्या भानगडीत पडू नका, कंबर जाईल. ३०२ चा मॅनिफोल्ड सरळ बोल्ट काढले की वर येतो, शनिवारी सकाळी सुरू केलं तर जेवणाआधी गाडी चालू. मोठ्या इंजिनाला टी-५ गिअरबॉक्स टिकत नाही, म्हणजे मोठा ट्रेमेक गिअरबॉक्स आला, दणकट क्लच आला, जास्त मोठा रेडिएटर आला. उष्णता तर विचारू नका, कोब्राचा पायाजवळचा डबा आधीच अरुंद आणि हेडर, म्हणजे इंजिनाच्या धुराच्या तापलेल्या नळ्या, अगदी त्याला लागून. उतरताना दाराखालच्या साइडपाइपला, म्हणजे धुराच्या नळीला, पोटरी लागून भाजणं हे तर सगळ्यांच्याच नशिबी असतं, इथे त्याला साप चावला म्हणतात, पण ट्रॅफिकमध्ये बसल्या जागी तळपाय भाजणं हे रोजचं दुखणं आहे.

एक गोष्ट नव्याने बांधणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. क्युबिक इंच म्हणजे इंजिनाचं बाहेरचं माप नव्हे. ३०२ लाच जास्त स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन जास्त लांब हलवणारा, क्रँक घालून ३४७ करता येतं, बाहेरून तेवढंच, वजनही जवळपास तेवढंच. ३५१ विंडसर या फोर्डच्याच इंजिनाला तसंच करून थेट ४२७ क्युबिक इंच करतात, ज्याला तो आकडाच हवाय त्याने हा रस्ता धरावा. उलट फोर्डचं नवं कोयोटे इंजिन फक्त पाच लिटरचं, पण वर चार कॅमशाफ्ट असल्याने इतकं रुंद की जुन्या ४२७ पेक्षाही बसवायला अवघड. मात्र जुन्या ३०२ ब्लॉकला ५०० हॉर्सपॉवरच्या पुढे नेऊ नका, तो मधोमध चिरतो.

ज्याला सरळ पट्टीवर ड्रॅग रेसच करायची आहे किंवा ज्याचा जीव त्या सात लिटरच्या आवाजातच अडकलाय त्याने खुशाल ४२७ घ्यावं, त्याला त्याचा आनंद मिळेल. ४२७ ची ती फुगीर फेंडरची बॉडी आवडते म्हणून मात्र मोठं इंजिन घ्यायची काही गरज नाही, त्या बॉडीखाली लहान इंजिन घातलेल्या कितीतरी रेप्लिका रस्त्यावर आहेत.

माझी विनंती एवढीच की पुढच्या लेखात ब्रेक, टायर आणि सस्पेन्शनवर अर्धं पान द्या, आणि वाचकांना सांगा की इंजिनात वाचलेले पैसे आधी तिथे घाला आणि उरले तर एखाद्या ट्रॅकवर शिकवणी लावा, तीही स्वतःच्याच गाडीत.

आपला,
एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया