नीलमताई, एक राउंड बिलिंग काउंटरवर घ्या

मा. डॉ. नीलमताई गोऱ्हे यांस,
स. न. वि. वि.

युक्रांदच्या (युवक क्रांती दलाच्या) दिवसांपासून पुणं आपल्याला ओळखतं. 1984 मध्ये स्त्री आधार केंद्र, 2002 मध्ये विधान परिषद, 2019 मध्ये उपसभापतिपद. जुलै 2023 मध्ये आपण शिंदे यांच्या शिवसेनेत गेलात, तेव्हा आमच्या कट्ट्यावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मला तेव्हा मुथुलक्ष्मी रेड्डी आठवल्या. त्याही डॉक्टर, 1927 मध्ये मद्रास विधान परिषदेत गेल्या, तिथल्या उपाध्यक्षही झाल्या आणि 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर राजीनामा देऊन मोकळ्या झाल्या. असो.

मला बोलायचंय ते आपल्यातल्या डॉक्टरशी.

माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी दांडेकर पुलाजवळ राहतात. त्यांच्या सुनेला नववा लागला आणि एका दुपारी बीपी चढलं. एका धर्मादाय रुग्णालयात आम्ही तिला घेऊन गेलो. पायांवर इतकी सूज की चपला हातात धरून ती बाकावर बसलेली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आधी वीस हजार डिपॉझिट, मग बेड बघू." मी धर्मादाय खाटेचं विचारलं. "त्याचा फॉर्म सोशल वर्कर मॅडम देतात, त्या जेवायला गेल्यात."

रुग्णहक्कांची सनद भिंतीवर होती, नाही असं नाही. वॉटर कूलरच्या मागे, अर्ध्यावर औषध कंपनीचं कॅलेंडर. ते उचलून मी खालच्या ओळी वाचल्या. मावशींनी रेशनकार्ड पुन्हा पिशवीत ठेवलं, मी कार्ड स्वाइप केलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, म्हणून हे शांतपणे लिहितेय.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं, म्हणजे धर्मादाय संस्थांच्या कायद्याचं, कलम 41 एए आणि उच्च न्यायालयाने 2006 मध्ये घालून दिलेली योजना मी आपल्याला काय सांगावी? दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, बिलाच्या रकमेतले दोन टक्के त्यांच्या निधीत. तातडीचा रुग्ण आधी दाखल करायचा, अशा रुग्णांकडून डिपॉझिट मागायचं नाही. दरपत्रक आणि सनद दर्शनी भागात लावण्याचा नियमही 2021 पासून आहे. कायदे करून झालेत, ताई. ते अडतात ते काउंटरच्या काचेशी.

सभागृहात लक्षवेधी सूचना लागते, मंत्री उत्तर देतात, चौकशीचे निर्देश निघतात. ते चालू दे. पण डॉक्टर वॉर्डात राउंड घेतो तसा एक राउंड आपण बिलिंग काउंटरवर घ्या. पुण्यातल्या कुठल्याही धर्मादाय रुग्णालयात, पीए आणि पोलिसांशिवाय, दुपारी दीडच्या सुमाराला. हातात फक्त रेशनकार्डाची पिशवी ठेवा आणि खाट मागून बघा.

मावशी सोबत यायला तयार आहेत. त्यांना फक्त आदल्या दिवशी सांगावं लागेल, चार घरचा स्वयंपाक असतो.

आपली,
आपल्याला मत द्यायची संधी कधी न मिळालेली एक पुणेकर